जागा सोडायची नाही

शहराच्या मुख्य बसस्थानकात एक खिडकी आहे. तिच्या डोक्यावर 'चौकशी' असं हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं आहे, आणि तरीही तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, "चौकशी इथेच का?" या खिडकीत बसून बसून घुम्याचे केस गेले. राहिले ते पिकले.

लहानपणी तो फार कमी बोलायचा, म्हणून वर्गाने त्याला घुम्या केला. नियती अशी माणसं हेरून ठेवते. तिने त्याला नेमकं अशा खुर्चीवर बसवलं, जिथे बोलण्याचाच पगार मिळतो. गाडी कधीची, फलाट कुठला, ती लाल गाडी तीच का, ती तीच असेल तर मग ही कुठली. शिवाय समोर माइक. कुणाची म्हातारी हरवली, कुणाची पिशवी सापडली, सगळं याच्याच तोंडून जाहीर व्हायचं. संध्याकाळी घरी बायकोने "चहा घेणार का?" एवढं विचारलं तरी त्याचा हात आपसूक फलाटाच्या दिशेने उठायचा.

अशात चार दिवसांची जोडून सुट्टी आली आणि घुम्याने एक बेत केला. बेत असा काही नव्हताच, हीच त्या बेताची थोरवी. गॅलरीत खुर्ची टाकायची, पाय कठड्यावर ठेवायचे आणि कुणाच्या कशालाही उत्तर द्यायचं नाही.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी वकिलाचा फोन आला. "घुम्या, निघालोय रे. सकाळी पोचतो. आमची गाडी कुठल्या फलाटाला लागते?"

वकील हा घुम्याचा शाळेपासूनचा दोस्त. कोर्टाशी त्याचा संबंध इतकाच, की कोर्टाच्या आवारातला पाण्याचा पंप बिघडला की त्याला बोलावणं येतं. गावी त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. पण शाळेत तो मास्तरांची अशी उलटतपासणी घ्यायचा, की नाव पडलं ते पडलंच. "राजाने तलाव बांधला" असं मास्तरांनी म्हणायचा अवकाश, हा उभा. "राजाने म्हणजे स्वतः? मग गाळ कोण काढायचं?"

तो शहरात आला तो एकाच गोष्टीसाठी. शहराचं जुनं पंपघर. तिथे वाफेवर चालणारा एक दुमजली पंप आहे. शहराला पाणी पाजायचं काम त्याने केव्हाच सोडलं, पण दर वर्षी याच सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, लोकांना बघायला म्हणून तो चालवतात. त्याचा फोटो वकिलाच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर लावलेला असे. दर वर्षी वकील म्हणायचा, यंदा जाऊ. आणि दर वर्षी सुट्टीत घरोघरी पाहुणे यायचे, पाणी जास्त लागायचं, पंप बसायचे आणि वकीलही बसायचा, दुकानात. यंदा मात्र पेपरात आलं की बॉयलर फार जुना झाला, ही शेवटची खेप. पुढच्या वर्षापासून पंप नुसताच बघायचा. वकिलाने दुकानाला कुलूप लावलं आणि गाडीत बसला.

पहिल्या दिवशी सकाळी घरात पाऊल टाकल्याटाकल्या त्याने स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा आवाज ऐकला, चहा होईपर्यंत तो दुरुस्त केला, आणि घुम्याच्या बायकोच्या मनात नवऱ्याला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती ती जागा पटकावली.

"भावोजी, तुम्ही दर महिन्याला येत जा," ती म्हणाली.

"वहिनी, हा नळ कधीपासून गळत होता?"

"तुमच्या दोस्ताला विचारा."

घुम्याने गॅलरीतल्या खुर्चीकडे शेवटचं बघून घेतलं आणि चपला पायात सरकवल्या.

शहर दाखवणं म्हणजे काय, याची घुम्याची कल्पना साधी होती. ही इमारत, हा पूल, हे कारंजं, चला पुढे. वकिलाचं तसं नव्हतं. मोठ्या चौकातल्या घुमटाकडे बघून लोक 'अहाहा' म्हणतात, वकील म्हणाला, "घुम्या, हा वरून पुसतात कसा?" घुम्याला माहीत नव्हतं. मग वकिलाने चौकातल्या पोलिसाला विचारलं. पोलिसालाही माहीत नव्हतं, पण आता त्यालाही चैन पडेना. दोघांनी मिळून तिसऱ्याला थांबवलं. कारंज्यापाशी पाणी जातं कुठे हे बघायला वकील काठावर पोटावर पालथा झाला, आणि सभोवती ही गर्दी. कुणीतरी विचारलं, "काय पडलंय हो?" वकील म्हणाला, "काही नाही, जाळी बघतोय." तर अजून चारजण जाळी बघायला वाकले.

असं वाकताना त्याच्या खिशातून फोन तीनदा पडला, तेव्हा तो त्याने घुम्याच्या खांद्यावरच्या पिशवीत टाकला. "तुझ्याकडेच राहू दे. तू काही वाकत नाहीस."

आणि ओळखी! भेटेल त्याला वकील सांगायचा, "हा माझा मित्र. बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत असतो. सगळं शहर याला तोंडपाठ." की समोरचा माणूस ताबडतोब घुम्याकडे वळायचा. "बरं झालं भेटलात. ती सकाळची गाडी हल्ली उशिरा का सुटते?" सुट्टीचे दोन दिवस घुम्या खिडकीशिवाय चौकशी खिडकी चालवत होता.

तिसऱ्या दिवशी त्याने वकिलाला मोठ्या बागेत नेलं. बागेत झाडं असतात आणि झाडांना काय विचारणार, असा त्याचा हिशेब. पण बागेच्या मधोमध मत्स्यालय निघालं. काचेमागे मासे होते, आणि माशांच्या मागे कुठेतरी पंप असणार हे वकिलाने दारातूनच ओळखलं.

"ऐकतोयस ना? घरघर. घुम्या, हे पाणी दिवसातून किती वेळा बदलत असतील?"

घुम्याच्या कपाळामागे काहीतरी तटकन तुटलं. तो म्हणाला, "वकिला, मला जरा चक्कर आल्यासारखं वाटतंय."

खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. तोंडून गेलं आणि मग परत घेता येईना. वकिलाचा चेहरा उतरला. त्याने घुम्याला झाडाखालच्या बाकावर बसवलं, पाणी पाजलं, वाटेने जाणाऱ्या एका बाईंचा पंखा मागून घेऊन वारा घातला. मग त्या बाईंना विचारलं, "चक्कर आल्यावर पाय वर घ्यायचे की डोकं खाली?"

"तू जा रे," घुम्या कळवळून म्हणाला. "मासे बघून ये. मी बसतो इथे शांत."

"तुला असं सोडून?"

"लांब का आहे? ते दार दिसतंय. जा."

वकील दोन पावलं गेला आणि परत आला. "पण लक्षात आहे ना? जागा सोडायची नाही."

हा त्यांचा जुना करार. शाळेची सहल धरण बघायला गेली होती, तेव्हा घुम्या मागे राहिला. घाबरून पळापळ करायची ती सोडून हे पोर एका झाडाखाली उभं राहिलं ते तिन्हीसांजेपर्यंत उभंच. इकडे बसमध्ये वकिलाने मास्तरांना एवढे प्रश्न विचारले, की शेवटी वैतागून मास्तरांनी डोकी मोजली आणि बस वळवली. तेव्हापासून ठरलेलं: हरवेल त्याने जागा सोडायची नाही, शोधायचं काम दुसऱ्याचं. घुम्या ही गोष्ट खिडकीतूनही लोकांना सांगायचा. "जिथे असाल तिथेच थांबा," हे त्याचं माइकवरचं पेटंट वाक्य होतं.

"नाही सोडत," घुम्या म्हणाला.

वकील दारातून आत गेला. घुम्या बाकावर बसून राहिला, पण बाकावर शांतता नव्हती. एका बाजूला फुगेवाला पिपाणी वाजवत होता आणि दुसऱ्या बाजूला एक आजोबा येऊन टेकले, त्याच्याकडे निरखून बघू लागले आणि म्हणाले, "तुम्ही बसस्थानकात असता का हो?"

घुम्या उठला. बागेच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे सार्वजनिक वाचनालय होतं. सुट्टीच्या दिवशीही वर्तमानपत्रांची खोली उघडी. आत भिंतीवर पाटी: 'शांतता राखा'. त्या दोन शब्दांकडे तो डबडबल्या डोळ्यांनी बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या पाटीवर त्याचं प्रेम बसलं. अर्धा तास, तो मनाशी म्हणाला. वकील तोवर माशांना विचारतोय. त्याने स्वतःचा फोन बंद केला, समोर पेपर पसरला आणि दुसऱ्या पानावर कपाळ टेकवलं.

शिपायाने हलवून उठवलं तेव्हा खोलीतले दिवे लागले होते आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. "काका, बंद करायचंय." घुम्याच्या गालावर हवामानाचा अंदाज उलटा उमटला होता.

रस्ता ओलांडून तो बागेत आला तो धावतच. बाकावर कुणी नव्हतं. मत्स्यालयाला कुलूप होतं. काचेपलीकडे एक मोठा मासा तोंड उघडत-मिटत होता. तेवढाच काय तो साक्षीदार, आणि तो बोलणाऱ्यातला नव्हता.

घुम्याने फोन चालू करून सवयीने वकिलाला लावला. त्याच्याच पिशवीत बेल वाजली.

वकिलाकडे फोन नाही. घुम्याचा नंबर पाठ असेल? घुम्याला तरी कुणाचा नंबर पाठ होता? बरं, घरी गेला असेल तर? त्याने घरी फोन लावला.

"काय करतेयस?" तो म्हणाला.

पलीकडून बायको म्हणाली, "काय झालं?"

"कुठे काय? सहज."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही सहज कधी फोन केलात? भावोजी कुठे आहेत?"

म्हणजे घरी नव्हता. "इथेच. तोच म्हणाला, वहिनींना विचार, येताना काही आणायचं का."

"बघा, सुचतं त्यांना. कांदे आणा. द्या फोन त्यांच्याकडे."

"तो... मासे बघतोय."

"अजून?"

"मोठे आहेत," घुम्या म्हणाला आणि फोन ठेवला. दुपारपासूनचं हे त्याचं कितवं खोटं, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं.

फाटकाशी एक खिडकी होती. वर 'चौकशी' असं लिहिलेलं. घुम्या काचेशी वाकला आणि त्याच्या तोंडून निघालं, "चौकशी इथेच का?"

आतल्या बाईंनी मान वर न करता बोटाने पाटी दाखवली. ते बोट घुम्याने ओळखलं. अगदी असंच तो वापरायचा.

"माणूस हरवलाय," तो म्हणाला.

"वय?"

"माझ्याएवढाच."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच काय ते ठरवलं. "अंगावर काय आहे?"

घुम्या आठवू लागला. शर्ट होता. शर्ट असणारच. पण कुठल्या रंगाचा? तीन दिवस तो माणूस त्याच्या कोपराला कोपर लावून हिंडत होता, आणि घुम्याला एवढंच आठवत होतं की तो बोलत होता.

"निळसर," तो चाचरत म्हणाला. "की पांढरा असेल. चौकटी असतील बहुतेक."

"अहो काका, तुम्ही माणूस शोधताय की कापड?" बाई म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. खिडकीतून पुढे वाकून त्यांनी घुम्याला नखशिखान्त न्याहाळलं. "थांबा. राखाडी शर्ट, वरचं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. खांद्यावर पिशवी, पट्ट्याला गाठ. उजवा खांदा जरा खाली. कमी बोलतो. तुम्हीच का ते चक्करवाले?"

घुम्याने वरच्या बटणाला हात लावला. दोरा दुसऱ्या रंगाचा होता. हे त्याला आत्ताच कळत होतं.

"एक गृहस्थ आले होते दुपारी," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून किती वेळा पुकारायला लावलं! मी म्हटलं, गेले असतील बाहेर, येतील. तर म्हणतात, अशक्य. तो जागा सोडणाऱ्यातला नाही. मी थांब म्हटलं की तो रात्र पडली तरी हलणार नाही. ज्या अर्थी बाकावर नाही, त्या अर्थी त्याला उचलूनच नेलंय. मग मला विचारलं, चक्कर येऊन पडलेल्याला इथले लोक कुठे नेतात? मी म्हटलं, मोठ्या इस्पितळात. तसेच पळाले. एक चप्पल तुटली होती त्यांची, ती हातात घेऊन." बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "पण तुम्ही कुठे होतात?"

घुम्या आयुष्यभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आला होता. या प्रश्नाला उत्तर न देता तो वळला आणि चालू लागला.

मोठ्या इस्पितळाचा अपघात विभाग म्हणजे सुट्टीच्या दिवशी तर जत्राच. कुणी बोट कापून घेतलेलं, कुणी शिडीवरून पडलेलं. वकील दाराच्या बाहेर पायरीवर बसला होता. शर्ट हिरवट होता, बारीक रेघांचा, आणि पाठीशी पार भिजून चिकटलेला. एका पायात चप्पल, दुसरी मांडीवर. त्याने आतल्या सगळ्या खाटा दोनदा बघून झाल्या होत्या. आता तो पहारेकऱ्याला म्हणत होता, "बेशुद्ध माणसाला नाव विचारता येत नाही, बरोबर? मग त्याची नोंद तुम्ही कशी करता?"

"वकिला," घुम्याने हाक मारली.

वकील वळला. त्याने घुम्याला डोक्यापासून पायापर्यंत दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, बिघडलेला पंप चाचपावा तसं. मग पुन्हा पायरीवर बसला आणि तोंड चपलेसकट हातांत लपवून हुंदके देऊ लागला. पहारेकरी दुसरीकडे बघू लागला.

"माझंच चुकलं," वकील म्हणाला. "तू जा म्हणालास आणि मी बसवून गेलो. कशापायी? तर माशांपायी. तुला काय झालं असतं तर वहिनींना कोणत्या तोंडाने... कुणी नेलं रे तुला?"

खरं बोलायची वेळ हीच होती. घुम्याला ती नीट दिसली, फलाटाला लागलेली गाडी दिसावी तशी. आणि त्याने ती सुटू दिली.

"लोकांनी... एका दुकानात बसवलं होतं," तो म्हणाला. "डोळा लागला."

"लागणारच. अशक्तपणा."

वकिलाने त्याला तिथल्या तिथे तपासायला लावलं. आतल्या तरुण डॉक्टरने नाडी बघितली, डोळ्यांत टॉर्च मारला, गालावरचं हवामान वाचायचा थोडा प्रयत्न केला. "सगळं उत्तम आहे," तो म्हणाला. "इतकी विश्रांती झालेला माणूस आज दिवसभरात मी पाहिला नाही." पण वकिलाने एवढे प्रश्न विचारले, की सुटका करून घ्यायला डॉक्टर म्हणाला, "बरं, उद्याचा दिवस पडून राहू दे. फार बोलायला लावू नका."

घरी जाताना घुम्याने कांद्यांचं काढलं, तर वकिलाने ते घेतले आणि पिशवी स्वतः उचलली. घुम्याला काही उचलू दिलं नाही. उंबरठ्यावरच त्याने वहिनींना चक्कर, मासे, इस्पितळ सगळं सांगून टाकलं.

"भावोजी, तुम्ही तरी!" घुम्याची बायको दारातच कडाडली. कांद्यांची पिशवी तिने वकिलाच्या हातून जवळजवळ हिसकावली. "यांना कळत नाही, पण तुम्हाला कळायला नको? चक्कर आलेल्या माणसाला असं उघड्यावर टाकून मासे बघायला जायचं?"

"चुकलं वहिनी," वकील मान खाली घालून म्हणाला.

"आणि यांच्या तोंडून मला फोनवर म्हणे मासे मोठे आहेत. लपवालपवी वर!"

वकिलाने डोळे उचलून घुम्याकडे बघितलं. कुठला फोन, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याने काही विचारलं नाही. "तेही चुकलं," एवढंच म्हणाला. घुम्या खाटेवर पडून हे सगळं ऐकत होता. उशी मऊ होती आणि तिच्यावर डोकं ठेववत नव्हतं.

सकाळी, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, वकील त्याच्या उशाशी खुर्ची टाकून बसला होता. हातात मऊ भाताची वाटी. त्याने एक घास भरवला. दुसरा भरवला. बोलला काही नाही. डॉक्टरने सांगितलं होतं ना. बाहेर एक गाडी विचित्र आवाज करत गेली, वकिलाचे कान टवकारले, ओठ हलले. त्याने ते पुन्हा घट्ट मिटून घेतले. घुम्याला जन्मभर हवी होती ती शांतता चमच्या-चमच्याने त्याच्या घशाखाली उतरत होती, आणि उतरत नव्हती.

"आज पंप आहे," घुम्या म्हणाला.

"हो ना. असू दे."

"दुपारचा आहे. आपण आत्ता निघालो तर..."

"गप पड. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी काय बघणार, हे दोघांनाही माहीत होतं. वकील भात कालवत राहिला.

"मग तू एकटा जा."

"एकदा गेलो एकटा, तेवढं पुरे झालं."

"अरे, मी ठणठणीत आहे!"

"भावोजी, उठू देऊ नका त्यांना," आतून हुकूम आला.

घुम्या छताकडे बघत पडला. वकिलाला त्या पंपघरात पोचवायची एकच वाट उरली होती, आणि त्या वाटेवर घुम्या स्वतः आडवा पडलेला होता. त्याने वाटी बाजूला सारली आणि उठून बसला.

"मला चक्कर आली नव्हती," तो म्हणाला.

वकिलाचा चमचा हवेत राहिला.

"कुणी नेलं नाही मला. मीच उठून गेलो. समोर वाचनालय आहे, तिथे झोपलो. तुझे प्रश्न ऐकवेनात म्हणून. फोन तुझा माझ्याकडेच होता, माझा मी बंद केला. घरी जो फोन आला तो माझा, मासे मोठे आहेत असं मीच सांगितलं." एवढं सलग तो माइकशिवाय आयुष्यात बोलला नव्हता.

स्वयंपाकघरातली सुरी थांबली. बायको दारात येऊन उभी राहिली, हातात अर्धा चिरलेला कांदा. "म्हणजे काल मी भावोजींना जे बोलले..." तिने वाक्य पुरं केलं नाही. कांद्याकडे बघितलं, डोळे पुसले, आणि ते कांद्यामुळे नाही हे लपवायचीही तसदी घेतली नाही. "भावोजी, माफ करा मला," ती म्हणाली आणि आत गेली. नवऱ्याला ती काहीच बोलली नाही. तिच्याकडून एवढी मोठी शिक्षा घुम्याला आजवर झाली नव्हती.

वकिलाने चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाला, "मी तिथे सगळ्यांना सांगत होतो, तो जागा सोडणाऱ्यातला नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर घुम्याला जरा टेकायला जागा मिळाली असती.

"चुकलं रे."

"कपडे कर," वकील म्हणाला. "उशीर होईल."

पंपघरात शिरायला रांग फाटकाबाहेरपर्यंत आली होती. शेवटची खेप म्हणून सगळं शहर लोटलेलं. वकिलाने दुरुस्त करून घेतलेली चप्पल घातली होती. दारापाशी रेटारेटी सुरू झाली, तेव्हा त्याने न बोलता घुम्याचं मनगट पकडलं. नुसतं पकडलं नाही, पाना बसवावा तसं आवळलं.

आत विटांची उंचच उंच खोली होती आणि तिच्या मधोमध तो. काळा, तेलाने चकाकणारा, दोन मजले उंच. लोखंडी जिन्यांवरून लोक वर चढत होते. कुणीतरी वरून खूण केली, खाली कुणीतरी एक चाक फिरवलं, फुस्स करून वाफ सुटली आणि बैलगाडीएवढी तुळई हळूच, झोपेतून कूस बदलावी तशी, एका बाजूने वर उचलली गेली. पायाखालची जमीन थरथरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी कानावर हात ठेवले.

घुम्या पंपाकडे बघतच नव्हता. तो वकिलाकडे बघत होता. वकिलाचं तोंड उघडं पडलं होतं. डोळे तुळईबरोबर वर जात होते, खाली येत होते. दुकानातल्या फोटोत इतकी वर्षं गप्प असलेला तो पंप आता प्रचंड आवाज करत होता. एकदा वकील बाजूच्या गणवेशातल्या माणसाकडे वळला, ओठ विलग झाले. मग त्याची नजर घुम्यावर पडली. ओठ मिटले. तो पुन्हा समोर बघू लागला.

"विचार ना," घुम्या त्याच्या कानाशी ओरडला.

वकिलाने ऐकू आलं नाही असं दाखवलं. पंप फार मोठ्याने चालला होता, तेव्हा खरंच ऐकू आलं नसण्याचाही संभव होता.

गर्दी पुढे सरकली. मागचे लोक ढकलू लागले. मनगटावरची पकड काही सुटली नाही. उलट रेटा आला की अजून आवळली जायची, आणि घुम्याची बोटं हळूहळू बधिर होत चालली. हा आपल्याला जपतोय की पुन्हा पळू नये म्हणून धरून ठेवतोय, हे त्याला कळेना. विचारलं असतं तर वकिलाने खरं ते सांगितलं असतं, आणि नेमकं म्हणूनच विचारायची त्याची छाती होत नव्हती. हात सोडवून न घेता तो गर्दीतून वकिलाच्या मागोमाग जिना चढू लागला.